हणमंताच्या म्हशीचे मंगळवार

मगदूमने गेटपासचं पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "बर्वेसाहेब, हणमंत बर्गेच्या म्हशीचं काहीतरी करा. लय हाल चाललेत बिचारीचे."

मगदूम आमच्या फाउंड्रीचा शिफ्ट सुपरवायझर. गेटपास म्हणजे शिफ्ट संपायच्या आधी बाहेर पडायची चिठ्ठी. तिच्यात 'कारण' असा एक रकाना असतो. मी पुस्तक उघडलं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कारण होतं, 'म्हैस व्यायला झाली आहे'. दुसऱ्या मंगळवारी 'म्हैस व्यायली'. तिसऱ्या मंगळवारी 'म्हशीला ताप'. चौथ्या मंगळवारी 'म्हैस हरवली'. चारही चिठ्ठ्या हणमंताच्या, सेकंड शिफ्टमधल्या, वेळ संध्याकाळी सव्वासहा.

हणमंत कुपवाडमध्ये दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. त्या खोलीत म्हैस ठेवायची तर त्या दोघांना बाहेर झोपावं लागलं असतं.

"मंगळवारीच का?" मी विचारलं.

"ते म्हशीला विचारा."

मी तेव्हा कुपवाडच्या एका कास्टिंगच्या कारखान्यात एचआर मॅनेजर होतो. मी लागलो तेव्हा या खुर्चीला पर्सोनेल ऑफिसर म्हणत. पुढे नाव बदललं, केबिनला काच आली, कामं तीच राहिली. रजा, भांडणं, नोटिसा. त्यातली हणमंताची भानगड मीच अडीच महिन्यांपूर्वी अंगावर घेतली होती.

हणमंत क्रेन ऑपरेटर. शेडच्या छताखाली रुळांवरून ही क्रेन पुढेमागे फिरते. तिच्या हुकाला लॅडल लटकवतात. लॅडल म्हणजे वितळलेल्या लोखंडाची मोठी बादली. ती डोक्यावरून जात असताना खाली दहा-बारा माणसं काम करत असतात. वर बसलेला माणूस शुद्धीत असावा एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी हणमंताने गेटवरच्या दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकर मारली आणि मशीन बोंबललं. हणमंत शांतपणे म्हणाला, "रातची हाय सायब. सकाळची न्हाई." जणू सकाळची आणि रात्रीची खाती वेगवेगळ्या बँकेत होती.

आमचे एमडी चौगुलेसाहेब म्हणाले, "काढून टाका." बरोबरच होतं. पण त्याच दुपारी हणमंताची बायको सुनंदा केबिनमध्ये आली. रडली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "आवं सायब, नोकरी गेली तर हे दिसभर मोकळं. आता निदान आठ तास तरी पीत न्हाईत." नोकरीचं महत्त्व इतकं नेमकं सांगणारा कन्सल्टंट मला उभ्या आयुष्यात भेटला नाही, आणि मी बरेच महागडे ऐकले आहेत.

मी साहेबांकडे रदबदली केली. माणूस बारा वर्षांचा जुना, हात सोन्यासारखा, एक संधी द्या.

चौगुलेसाहेब जैन. चहासुद्धा जपून पिणारे. ते म्हणाले, "दारू सोडायला काय लागतं, बर्वे? नियम घ्यायचा आणि विषय संपवायचा." त्यांच्यात मुनी महाराजांसमोर माणूस एखादी गोष्ट करणार नाही असा नियम घेतो आणि तो पाळतो. साहेबांचा नियम चातुर्मासात सूर्यास्तानंतर न जेवण्याचा. कित्येक वर्षं तो मोडलेला मी पाहिला नाही. त्यामुळे त्यांचं म्हणणं ढोंगी होतं असं मी म्हणणार नाही. फक्त ज्याला तहानच लागत नाही त्याने पाण्याचा हिशेब सांगावा तसं होतं.

शेवटी तीन महिन्यांची मुदत मिळाली. अटी दोन. मशीन पुन्हा बोंबलता कामा नये. आणि हणमंताने दारू सोडणाऱ्यांच्या एखाद्या गटात जायचं, त्याचा पुरावा फाइलला लावायचा. आमच्याकडे कागद नसलेली गोष्ट घडलेली नसते.

गट शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर शोधायला लागलो. पहिल्या नंबरवर पॅकेज सांगितलं, एसी रूम, गार्डन, शंभर टक्के गॅरंटी. दुसऱ्याने थेट विचारलं, "पेशंट झोपलेला असताना उचलू की जागा असताना?" तिसरा चहातून द्यायची पावडर कुरिअरने पाठवणार होता आणि बायकोला कळू देऊ नका म्हणत होता. पेशंट मी आहे असं त्याला वाटलं की माझी बायको, ते मी विचारलं नाही.

मला हवा होता तो साधा गट. ज्यांनी दारू सोडली आहे किंवा सोडायची आहे, तीच माणसं आठवड्यातून एकदा बसतात, आपापलं बोलतात, उठून घरी जातात. फी नाही, डॉक्टर नाही, कुलूप नाही. असा एक चालू नंबर अखेर साताऱ्याचा लागला. रविवारी मी मुद्दाम साताऱ्याला गेलो. एका शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर सहा मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. त्यातला एकजण म्हणाला, "सांगलीस्नं एवढ्या लांब कशापायी आला? तुमच्या विश्रामबागेतच मंगळवारी सात वाजता बसत्यात की."

त्याने पत्ता सांगितला. माझ्या घराच्या मागची गल्ली.

त्या गल्लीतून मी चौदा वर्षं दूध आणायला जातो. मंगळवारी एका छोट्या हॉलबाहेर स्कूटर लागलेल्या असत. ती भिशी आहे असं माझं ठाम मत होतं. "यांची भिशी बुडणार बघ," असं बायकोला दोनदा म्हणूनही झालं होतं. सांगलीतली गोष्ट साताऱ्याला जाऊन शोधणारा माणूस ह्यूमन रिसोर्स सांभाळत होता, हे कंपनीला कळलं नाही ते बरंच झालं.

मी हणमंताला पत्ता दिला. बजावलं, "कुणाला सांगू नकोस. मगदूमला तर अजिबात नको. शेडमध्ये कळलं तर लोक जगू देणार नाहीत."

"व्हय," तो म्हणाला.

मी फाइलला 'कारवाई पूर्ण' असा शेरा मारला आणि हणमंताला विसरलो. शेरा मारला की विसरायचं हीच तर त्या शेऱ्याची सोय.

आणि आता समोर ही म्हैस. मगदूमचा राग खोटा नव्हता. चार मंगळवारी क्रेन सव्वासहानंतर बंद पडून राहिली होती. भट्टीत लोखंड तयार, उचलायला माणूस नाही. गेटपासवर बाहेर गेलेल्याला त्या शिफ्टमध्ये परत आत घ्यायचं नाही असा नियम होता. तो मीच केलेला.

मी हणमंताला बोलावलं. "म्हैस कुठे आहे?"

"गावाकडं, कोरेगावला."

"आणि तू सव्वासहाला इथून निघून कोरेगावला जातोस?"

तो बुटांकडे बघत उभा राहिला. मला काय ते समजलं. म्हणजे काहीच समजलं नाही, पण अशा वेळी आपल्याला समजलं असं फार ठळकपणे वाटतं. आठवड्यातून एकदा ठरवून पिणारी माणसं मी पाहिली होती. मी कारणे दाखवा नोटीस काढली. बुधवारी साडेचारला साहेबांसमोर चौकशी. चौकशीत कारण पटलं नाही तर सरळ बडतर्फी.

चौकशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाचव्या मंगळवारी, मला फाइल पक्की करायची होती. हा पठ्ठ्या त्या गटात एकदा तरी गेला होता का, याचा कागद हवा होता. सातच्या सुमारास मी चपला घालून मागच्या गल्लीत गेलो. हॉलच्या दारात एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांना तिथे सगळे काका म्हणत.

"या, या. बसा," काका म्हणाले.

"मी स्वतःसाठी नाही आलो. दुसऱ्या एकासाठी आलोय."

आत सात-आठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. त्यांतले दोघं माझ्या ओळखीचे निघाले. कोण ते इथे सांगणार नाही. सगळे समजूतदारपणे हसले. काका म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळेच दुसऱ्यासाठी येतात. चहा घ्या."

मी जेवढं समजावलं तेवढं ते प्रेमाने मान डोलवत गेले. शेवटी मी मुद्द्यावर आलो. एका माणसाच्या हजेरीचं पत्र हवं आहे.

"आमच्याकडे हजेरीपट नसतो," काका म्हणाले.

"मग लेटरहेडवर नुसतं लिहून द्या. शिक्का मारून."

"लेटरहेड नाही. शिक्का नाही."

"अध्यक्षांची सही?"

"अध्यक्षही नाही."

सांगली जिल्ह्यात अध्यक्ष नसलेली संस्था मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे चार माणसं चहाला जमली तरी एक अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष होतात. काकांनी वर एक अट घातली. बसायचं तर बसा, पण इथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही. मी लगेच हो म्हणालो. मला वाटलं, बाहेर नेण्यासारखं इथे आहे काय?

पाचच मिनिटांत हणमंत आत आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, धाप लागलेली. त्याने मला पाहिलं. क्षणभर दारातच थबकला. मग मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. उद्या नोकरी जाणार हे माहीत असून त्याने आजही गेटपास काढला होता.

त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. "मी हणमंत. दोन म्हयने आन सतरा दिस झालं, थेंब घेतला न्हाई. पयल्या दीड म्हयन्यात काय वाटलं न्हाई, शिफ्ट जुळत हुती. मग दुसरा आपरेटर आजारी पडला आन मला म्हयनाभर सेकंड शिफ्ट लागली. साडेतीन ते बारा. बैठक सातला. आता काय करायचं? ज्यानं मला हितला पत्ता दिला, त्यानंच मला ह्या टायमाला कामावर लावलं. मी म्हनलं आसंल कायतरी. उद्या नोकरी जाईल. जाऊ दे. हिकडं आलो न्हाई तर मी जाईन."

तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सल्ला दिला नाही. पुढच्या माणसाने आपलं सुरू केलं. मी हातातल्या कपाकडे बघत राहिलो. मला लाज वाटत होती. मान वर करायचीसुद्धा लाज वाटत होती.

बैठक संपल्यावर मी त्याला गल्लीत गाठलं. "अरे, मला का नाही सांगितलंस?"

"तुमीच म्हनला हुता, कुनाला सांगू नगंस."

"मला सांगायचं की!"

"तुमास्नी काय सांगायचं? पत्ता तुमचा, शिफ्टचा कागद तुमचा. मला वाटलं परीक्षा बघताय. नोकरी जायची येळ आली तरी ह्यो जातुय का न्हाई ते."

मी परीक्षा बघत नव्हतो. मी शिफ्टचा चार्टच बघितला नव्हता. दर महिन्याच्या शेवटी तो इतर कागदांच्या गठ्ठ्यात येतो आणि मी सही करतो. पण हे त्याला सांगणं परीक्षेपेक्षा वाईट दिसलं असतं.

"आणि म्हैस कशाला मधे आणलीस?"

तो पहिल्यांदाच थोडा हसला. "पीत हुतो तवा म्हशीवरच रजा काढायचो. दुसरं खोटं जमत न्हाई सायब, सवय न्हाई."

उद्या साहेबांसमोर खरं सांग, असं मी म्हणालो. तो म्हणाला, माझं मी सांगतो, पण तुम्ही मला तिथं बघितलं ते सांगायला हरकत नाही. काकाही म्हणाले, त्याची परवानगी आहे तर त्याच्यापुरतं सांगा. हा लेखही मी हणमंताला विचारूनच लिहितो आहे. नावं बदलली आहेत. म्हैस तेवढी तशीच ठेवली आहे.

बुधवारी साडेचारला साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. साहेब, मगदूम, हणमंत आणि मी.

"मंगळवारी कुठं जात होतास?" साहेबांनी विचारलं.

"दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला. विश्रामबागला."

"आणि म्हैस?" मगदूम म्हणाला.

"म्हैस न्हाई. दोन सालामागं इकली. पिन्यातच गेली ती."

साहेबांनी हात पुढे केला. "कागद?"

"तितं कागद देत न्हाईत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद नाही म्हणजे प्रकरण संपलं, असा त्या नजरेचा अर्थ होता. मी म्हणालो, "साहेब, मी काल तिथे होतो. हा आला होता. शेवटपर्यंत बसला."

मगदूमने आपली खुर्ची वीतभर लांब सरकवली. साहेबांचा आवाज एकदम हळवा झाला. "बर्वे? तुम्ही? कधीपासून?"

"मी चौकशी करायला गेलो होतो, साहेब. दुसऱ्यासाठी."

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. दवाखान्यात भेटायला आलेला माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात.

पुढचं समजावण्यात अर्थ नव्हता. साहेब पुन्हा हणमंताकडे वळले. "जातोस ते चांगलं आहे. पण क्रेन टाकून जायचं? नियम मनात पाळायचा असतो. मन घट्ट असलं की जागा लागत नाही आणि वेळ लागत नाही. हे मला पटत नाही. बर्वे, पुढची कारवाई करा."

एवढ्या वर्षांत मी साहेबांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "साहेब, आता किती वाजले?"

"पाच वीस."

"साडेपाचला तुमचं ताट लागेल. चातुर्मास सुरू झाला तशी सहाची प्रॉडक्शन मीटिंग आपण चारला आणली. आजची चौकशी साडेचारला ठेवली ती त्याच्यासाठीच. मागच्या महिन्यात पुण्याचे कस्टमर उशिरा आले, तुम्ही जेवत होता. आम्ही त्यांना तोच प्लांट दोनदा फिरवून दाखवला. कुणाची तक्रार नाही. नियम तुमचा, पण तो पाळायला सगळ्या कंपनीचं घड्याळ हलतं. मग ह्याने त्याचा नियम मनातल्या मनात का पाळायचा?"

बोलून झाल्यावर मला माझी रिटायरमेंट आठवली. दीड वर्ष राहिलं होतं.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. कॅन्टीनचा माणूस दारात आला आणि "ताट लावलंय" म्हणाला. साहेब उठले नाहीत.

"मगदूम," साहेब म्हणाले, "मंगळवारी हा फर्स्ट शिफ्टला. कायम."

"साहेब, उद्या बाकीचे पण मागायला लागतील."

"मागू देत. त्यांनी पण सोडावी, त्यांना पण देतो." आणि साहेब जेवायला गेले. सूर्य अजून बराच वर होता.

हणमंत वाचला. मी नाही वाचलो. मगदूमने कुणालाच काही सांगितलं नाही असं तो शपथेवर सांगतो, पण आठवड्याभरात सगळ्या शेडला कळलं की बर्वेसाहेब दारू सोडायचा प्रयत्न करतायत. दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या हातात कुणी न मागता लिंबू सरबत दिलं. शेजारच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन "धीर सोडू नको" असं सांगितलं. बायकोने मला ते सांगितलं आणि पोट धरून हसली. मी खुलासे करणं सोडून दिलं. खुलासा केला की संशय वाढतो, हे मी आयुष्यभर नोटिसा मिळालेल्या माणसांना ऐकवत आलो होतो.

बुधवारच्या त्या चौकशीनंतर एक काम उरलं होतं. नोटीस मागे घेतल्याचं पत्र काढायचं होतं. हणमंत दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी केबिनमध्ये येऊन थांबला. पत्र मी स्वतः टाइप करायला घेतलं. नोटीस का काढली आणि का मागे घेतली, याचं एका ओळीत कारण द्यावं लागतं. 'प्रशासकीय कारणास्तव' लिहिलं आणि खोडलं. 'गैरसमजातून' लिहिलं, तेही खोडलं.

"काय लिहू रे?" मी विचारलं.

"चूक झाली म्हून लिवा की."

"कुणाची?"

"त्ये खाली सही आसती न्हवं, तितं कळंलच."

मी तसंच लिहिलं. नोकरीत मी किती कागदांवर सह्या केल्या त्याची गणती नाही. हा कागद मात्र मी आधी दोनदा वाचला आणि मग सही केली.